आतल्या खोलीतले साहेब

धुकं इतकं खाली उतरलं होतं की समोरच्या इमारतीचे वरचे मजले गायबच झाले होते. अशा हवेत कपडे वाळत नाहीत, नुसते लोंबकळत राहतात. डागबाईनं बाल्कनीतल्या दोरीवरचं फडकं चाचपलं. कालपासून तसंच, गार आणि ओलं. तिनं ते खाली ओढलं, इस्त्री तापवली आणि वाफ निघायची थांबेपर्यंत फिरवत राहिली. मग ते उबदार फडकं हातावर टाकून ती आतल्या खोलीकडे गेली.

दार उघडायच्या आधीच आवाज ऐकू येत होता. ग्लासाच्या तळाशी उरलेला शेवटचा घोट नळीनं ओढावा, तसा. ओढला, थांबला, पुन्हा ओढला. डागबाई दाराशी थोडी थांबली. रोजच थांबायची. आवाज आहे म्हणजे साहेब आहेत.

साहेब म्हणजे ससा. करडा, अंगानं भरलेला, एक कान कायमचा पडलेला. नाव तिच्या नवऱ्यानं ठेवलेलं. काम काही करायचं नाही, बसल्या जागी खायचं, आणि जरा मनाविरुद्ध झालं की पाय आपटायचे. मग ह्याला साहेब नाही म्हणायचं तर काय म्हणायचं, असं तो म्हणायचा.

साहेबांची सकाळ ठरलेली होती. आधी कोमट पाण्यात कापूस बुडवून नाकपुड्या पुसायच्या. रात्रीतून पांढरा शेंबूड सुकून खपली धरलेली असायची. ती ओढायची नाही, भिजवून आपोआप सुटू द्यायची. मग पुढचे पंजे. ससा नाक पंजांनी पुसतो, त्यामुळं पंजांच्या आतली लव चिकटून तिची गाठ झालेली असायची. ती बोटांनी मोकळी करायची. मग टॉवेलात घट्ट गुंडाळून, बिनसुईच्या सिरिंजनं, ओठाच्या कडेनं थेंब थेंब औषध. घाई केली तर ते भलत्या नळीत उतरेल, असं डॉक्टरबाईनं बजावलं होतं. सगळ्यात शेवटी खोका. पुठ्ठ्याच्या खोक्यात साहेबांना बसवायचं, वरून चादर टाकायची आणि कडेच्या भोकातून वाफेच्या मशीनची नळी आत सोडायची. मशीन घरघरायला लागलं की साहेब आत कान पाडून बसून राहायचे, सरकारी कचेरीत नंबर लागायची वाट बघणाऱ्या माणसासारखे.

तेवढ्यात डागबाई पिंजरा धुऊन घ्यायची. तळाचा ट्रे बाहेर ओढायचा, त्यावर ब्लीचची बाटली तशीच तिरकी करायची आणि ब्रशनं घासायचा. प्लॅस्टिक तिच्या मनासारखं पांढरं झालं की ट्रे पुन्हा आत, त्यावर इस्त्रीचं फडकं. खोलीची खिडकी बंद. गार वारा लागला तर छाती भरायची. डोळ्यांना पाणी यायचं ते ती दंडाला पुसायची. ती कामाला होती त्या लाँड्रीतल्या सगळ्याच बायकांच्या डोळ्यांना पाणी यायचं, त्यात काय एवढं.

लाँड्री तशी मोठी होती. हॉटेलांच्या चादरी, दवाखान्यांचे अभ्रे, गाऊन, टॉवेल, सगळं ट्रॉल्या भरभरून यायचं. धुलाईची मशीनं आत होती. डागबाई बाहेरच्या लांब टेबलाशी. मशीनला दाद न देणारे डाग तिच्याकडे यायचे. रक्ताला गार पाणी, गरम लावलं की ते कायमचं बसलं. गंजाला वेगळं, शाईला वेगळं, चहाला वेगळं. चादर उजेडाकडे धरली की दुसऱ्याला न दिसणारा डाग तिला दिसायचा. नाव पडलं ते त्यावरूनच, आणि ती त्या नावाला ओ द्यायची. एका गोष्टीवरून मात्र तिची थट्टा व्हायची. एवढी वर्षं औषधी पाण्यावर वाकून वाकून तिचं नाक पार मेलं होतं. कुणी अत्तर लावून आली तर डागबाईला ते सांगावं लागायचं. मुकादम म्हणायचा, हिला डोळे दोन माणसांचे दिलेत आणि नाक द्यायचंच राहून गेलंय. तीही हसायची. त्या धंद्यात मेलेलं नाक ही सोयच होती.

नवरा फरशीवाला. इमारतींमधून फरशा कापायचं, बसवायचं काम. कटर सुरू झाला की पांढरा धुरळा उडायचा, आणि तोंडाला रुमाल बांधणं म्हणजे नाजूकपणा, अशी त्या सगळ्यांचीच समजूत. एका बंगल्याचं काम संपलं तेव्हा बंगलेवाले दूरदेशी निघालेले, सशाचं काय करायचं ह्या विवंचनेत. ह्यानं तो डब्याच्या पिशवीत घालून घरी आणला. पुढं थोड्याच दिवसांत ह्याचं कामावर जाणं थांबलं. फुप्फुसं दगडासारखी झालीत, ती आता मऊ होणार नाहीत, असं दवाखान्यात सांगितलं. वाफेचं मशीन दिलं, आणि एक गोष्ट डागबाईला बजावून सांगितली: खोली स्वच्छ ठेवा, धूळ नको.

खोली स्वच्छ ठेवा, हे तिला सांगायचं म्हणजे माशाला पोहायला सांगायचं. आतली खोली तिनं अशी ठेवली की फरशीत तोंड दिसावं. शेवटी शेवटी ह्याचं अंथरुणातच व्हायला लागलं, भांडं वेळेवर मिळायचं नाही. ती चादर तर बदलायचीच, वर भांड्यात, फरशीवर, पलंगाच्या पायांशी ब्लीच ओतून लगेच घासायची. कामावर जायच्या आधी एकदा, आल्यावर एकदा. तो भिंतीकडे तोंड करून पडायचा, ससा पोटाशी. त्याच हिवाळ्यात ससा शिंकायला लागला. “माझं लागलं वाटतं साहेबांना,” असं म्हणून तो हसला, आणि हसण्यानं जो खोकला उठला तो संध्याकाळपर्यंत बसला नाही.

तो गेला त्या सकाळी डागबाई त्याचा हात धरून बसली होती. श्वास ओढला गेला, थांबला, आणि पुन्हा ओढलाच गेला नाही. ती पुढच्याची वाट बघत किती वेळ बसली तिचं तिला कळलं नाही. तेव्हापासून तिनं मनाशी एकच धरलं होतं, की त्या खोलीत पुन्हा असलं थांबणं आपण ऐकायचं नाही. ससा म्हातारा होऊन मरू दे, झोपेत मरू दे, पण असा श्वासासाठी तडफडून नको.

म्हणून ती त्याला जनावरांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरबाई तरुण होती, हात थंड असतील म्हणून आधी तळवे चोळून मग सशाला धरायची. तिनं सरळच सांगितलं की हा आजार मुळापासून जात नाही. जंतू नाकात घर करून बसतात, औषधानं दबतात, पुन्हा उठतात. पण घरी नीट केलं तर वर्षं काढतो ससा. तिनं खाणं विचारलं, गवत विचारलं, पिंजरा कितीदा साफ करता ते विचारलं. रोज, डागबाई म्हणाली. डॉक्टरबाई म्हणाली, वा, सगळे तुमच्यासारखे असते तर माझं काम निम्मं झालं असतं. वाफेचं मशीन घरात आहे म्हटल्यावर तर तिला आणखीच बरं वाटलं.

आणि तरी साहेबांचा आवाज दबेना. औषध सुरू झालं की जरा कमी व्हायचा, पुन्हा वर यायचा. औषध बदललं, तेच. डागबाईनं आपल्या परीनं जोर वाढवला. म्हणजे आणखी घासायला लागली.

खालच्या मजल्यावर तिची नणंद राहायची. जिन्याखालच्या कोनाड्यात शिवणयंत्र मांडून कपडे उसवून देणं, टीप घालून देणं, असली कामं करायची. अंगावर सदा दोरे चिकटलेले, टेबलावर काल प्यायलेला कप. तिला ह्या स्वच्छतेचा तिटकारा. वहिनीकडं बसायचं म्हणजे ऑपरेशनला बसल्यासारखं वाटतं, असं ती जिन्यातून जाणाऱ्या-येणाऱ्याला ऐकवायची. आणि माणसाचं मशीन जनावराला लावते म्हणून तर तिनं बरेच दिवस बोलणंच टाकलं होतं. “माझ्या भावाचं नाक ज्याच्यात घातलं, त्याच्यात आता सशाचं,” एवढं एकदा म्हणाली आणि यंत्राचं चाक फिरवायला लागली.

अशात लेकीचा फोन आला. ती दुसऱ्या गावी राहायची. पाय मोडला होता, घरात लहान मूल, करायला कुणी नाही. डागबाईला जाणं भाग होतं. ससा कुणावर टाकायचा? नणंदेशिवाय होतं कोण. ती साहेबांचं सगळं समजावून सांगायला खाली गेली. कापूस, सिरिंज, खोका, ब्रश, बाटली. नणंदेनं मान डोलावली, पण डोळे सुईच्या नाकातून दोरा ओवण्यात. बसमध्ये बसल्यावर डागबाईच्या मनात आलं, परत येऊ तेव्हा पिंजरा रिकामा असणार.

लेक कुबड्या घेऊन घरात हिंडायला लागल्यावर, आठवड्यानं ती परत आली. पिशवी खाली न ठेवताच आतल्या खोलीशी गेली आणि दाराशी थांबली. आतून काहीच ऐकू येत नव्हतं.

तिनं दार ढकललं. खोलीत कडाक्याचा गारठा. खिडकीच्या फटीत दोऱ्याचं लाकडी रीळ कोंबून ती उघडी अडवून ठेवलेली. पिंजऱ्यात गवताच्या काड्यांचा उकिरडा, फडक्यावर पिवळे डाग पसरलेले, ट्रेच्या कोपऱ्यात लेंड्या. आणि मधोमध साहेब बसलेले, गवत चावत. नाक कोरडं. पंजे मोकळे. श्वास येत होता, जात होता, पण त्याचा आवाज नव्हता.

कुणालाही आनंद झाला असता. डागबाईला आधी राग आला, तो त्या पिवळ्या डागांचा. ती तशीच खाली गेली आणि नणंदेला म्हणाली, एवढं सांगून गेले होते, एकदा तरी ट्रे धुवायचा. नणंद म्हणाली, झाडून घेत होते की. तुझी ती बाटली माझ्याच्यानं उघडवत नाही, डोळे झोंबतात. आणि ससा जिवंत आहे ना, मग झालं तर.

डागबाई वर आली. रीळ उपसून काढलं, खिडकी लावून घेतली, पदर खोचला आणि पिंजरा पार पांढरा केला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साहेब शिंकले. त्याच्या पुढच्या सकाळी ती फडकं घेऊन गेली तर दाराबाहेरच ऐकू आलं, ग्लासाच्या तळाशी नळी. तिला वाटलं, आठवड्याची घाण आता बाहेर पडतेय. नणंदेच्या नावानं बोटं मोडत ती कामाला गेली.

लाँड्रीत त्या दिवशी एक नवी बाई लागली होती, पोरंबाळं मोठी झालेली, घाबरट. तिच्यापुढं लहान मुलांच्या दवाखान्याची ट्रॉली आली. बाईनं ओल्या, पिवळ्या चादरी तशाच टबात टाकल्या आणि ब्लीचचा कॅन वर ओतायला उचलला. डागबाईनं टेबलावरूनच तिचा हात धरला. ही त्या जागची पहिली शिकवण होती, तिनं आजवर कितीतरी जणींना दिलेली. ती नव्या बाईला रोजच्या सुरात सांगू लागली:

“आधी साध्या पाण्यातून काढायच्या. लघवीवर ब्लीच पडलं की गॅस उठतो. डोळे जातात, छाती...”

पुढचं ती बोललीच नाही. नव्या बाईला वाटलं, आपलं आणखी काही चुकलं. तिनं कॅन खाली ठेवला आणि हात पुसत उभी राहिली. डागबाई टबाकडे बघत होती. इथं दारं सताड उघडी असायची, पंखे असायचे, चादरी पाण्यातून काढल्या की नाही ते मुकादम बघायचा. तिच्या घरी बंद खोली होती. ट्रेमधली लघवी तिनं कधी पाण्यातून काढली नव्हती. तेवढी ती काय लघवी, सशाची. शिवाय काही उठत असेल तर ते सांगणारं नाकच तिला नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत तिनं मागच्या जिन्यात जाऊन डॉक्टरबाईला फोन केला. डॉक्टरबाईनं ट्रे, बाटली, बंद खोली, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, आजार त्यानं झाला असं नाही, जंतू होतेच. पण रोज त्या गॅसचा असा वाफारा मिळाला तर आतली त्वचा सोललेलीच राहणार, औषध लागू कसं पडणार. साधा साबण, गरम पाणी, खिडकी उघडी, एवढंच करा. कितीदा साफ करता ते मी विचारलं होतं, कशानं ते विचारायला हवं होतं, असंही ती आपणहून म्हणाली. आणखी काही विचारायचंय का, असं तिनं विचारलं तेव्हा डागबाईच्या ओठांशी एक प्रश्न आला होता. पण तिनं विचारलं ते वेगळंच: औषध खाण्याआधी द्यायचं की नंतर. ते तिला पाठ होतं.

तो न विचारलेला प्रश्न घेऊन ती संध्याकाळी नणंदेच्या यंत्राशी जाऊन बसली. नणंद एका पँटची शिवण उसवत होती. डागबाईनं सगळं सांगितलं, चादरी, टब, ट्रे. नणंदेनं ब्लेड थांबवलं नाही.

“वन्सं, ह्यांना त्रास व्हायचा?”

नणंदेनं शिवण शेवटपर्यंत उसवली. मग ब्लेड खाली ठेवलं.

“डोळे चुरचुरायचे त्याचे. तू कामावर गेलीस की मला हाक मारायचा, वर ये, खिडकी उघड. मी रीळ लावून द्यायचे. तू यायच्या वेळेला काढून घ्यायचे.”

डागबाईला ती रिळं आठवली. खिडकीच्या कट्ट्यावर कधी पांढऱ्या दोऱ्याचं, कधी काळ्या. वन्सं जातील तिथं पसारा टाकतात, म्हणून ती ती खाली आणून द्यायची. जरा जोरातच टेबलावर ठेवायची.

“मला का नाही सांगितलंत?”

“मी म्हटलं, वहिनीला सांगते. तर दादा नको म्हणाला.” नणंद अंगावरचे दोरे वेचायला लागली, एक एक करून, जे ती एरवी कधी करायची नाही. “म्हणाला, तिला वाटतंय ती मला वाचवतेय. वाटू दे.”

जिन्यातून कुणीतरी वर गेलं, दोघींकडं बघून न बोलता. त्याच्या चपलांचा आवाज वरच्या मजल्यापर्यंत ऐकू आला.

थोड्या वेळानं नणंद म्हणाली की त्याला ब्लीचनं मारलं नाही, फरशीनं मारलं, हे तुलाही माहीत आहे. डागबाई म्हणाली, माहीत आहे. फुप्फुसं दगडाची झाली होती, ती कशानंच सुटणार नव्हती, हे दवाखान्यात तिच्यासमोरच सांगितलं होतं. पण त्या उरल्यासुरल्या श्वासात तिनं काय मिसळलं, हे दवाखान्यातल्या कुणी सांगितलं नव्हतं, आणि आता सांगू शकणारंही कुणी नव्हतं. नवऱ्याला ते ठाऊक होतं आणि तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला होता. ती समजत होती, राग आहे. दुखणाईत माणूस, असतो राग, म्हणून तिनं तेही पोटात घातलं होतं. उलट स्वतःलाच शाबासकी दिली होती.

“सांगायला नको होतं मी,” नणंद म्हणाली.

“एक रीळ द्या,” डागबाई म्हणाली.

नणंदेनं खोक्यात चाचपून एक रिकामं लाकडी रीळ काढलं, त्याला राहिलेला दोरा तोडला आणि तिच्या हातावर ठेवलं. वर येऊ का, असं विचारलं. डागबाईनं मान हलवली. नको.

आतल्या खोलीत अंधारून आलं होतं. तिनं दिवा लावला. साहेब पिंजऱ्याच्या कोपऱ्यात अंग फुगवून बसले होते, आणि तोच ओढल्याचा आवाज, जरा जास्तच. तिनं खिडकी उघडली, फटीत रीळ बसवलं. बाहेरचं धुकं आत आल्यासारखं वाटलं. वारा थेट अंगावर जाऊ नये म्हणून खोक्याचं झाकण पिंजऱ्याला टेकवून उभं केलं. मग ती त्याच्यासमोर जमिनीवर बसली. तिला त्याच्याशी काही बोलावंसं वाटलं, पण तिचा नवरा बोलायचा सशाशी, ती कधी बोलली नव्हती, आणि आता कुठून सुरू करायचं ते सुचेना.

डॉक्टरबाई म्हणाली होती, दोन-चार दिवसांत फरक दिसेल. पडेलही. आवाज कमी होईल, पुन्हा कधीतरी वर येईल, औषध बदलेल, असं चालत राहील. पण तो श्वास ह्यापुढं तिला नुसता सशाचा ऐकू येणार नव्हता. ससा बरा झाला तरी तो श्वास नवऱ्याच्या शेवटच्या दिवसांचं काहीतरी सांगणार, आणि नाही झाला तरी.

साहेबांनी नाकावरून पंजा फिरवला. पंजा ओला झाला.

ती उठली. ट्रे ओढून मोरीत नेला, साध्या पाण्यानं खंगाळला, साबण लावला, पुन्हा खंगाळला. कडेला पिवळट रेघ राहिली. तिनं ती अंगठ्यानं घासून पाहिली, उजेडाकडे धरली, आणि तशीच ठेवली. मग भांड्यात पाणी कोमट केलं, कोपर बुडवून पाहिलं, कापसाचा बोळा केला आणि साहेबांचं नाक पुसायला बसली.